डोलणाऱ्या घोड्यावरचं ड्रिल

२ जून, सकाळी

आजपासून रोजनिशी. संशोधकाने रोजचं रोज लिहून ठेवावं, म्हणजे कल्पना आधी कुणाला सुचली यावर पुढे वाद होत नाही. ही वही फक्त माझ्यासाठी. बायकोला बजावलं, हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. का, ते विचारलंसुद्धा नाही. हे जरा लागलं.

२ जून, दुपारी

करार झाला. तोंडीच, पण जेवताना झाला म्हणजे पक्का. घोडा-ड्रिलचा अर्ज हा माझा शेवटचा अर्ज. पेटंट मिळालं तर मागची खोली कायमची माझी, पुन्हा त्यावरून कुणी ब्र काढायचा नाही. नाही मिळालं तर खोली बायकोच्या शिकवणीला. सध्या ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मुलांना गणित शिकवते. कुकर वाजला की मुलं गणित सोडून शिट्ट्या मोजतात. तिचं म्हणणं, मला फक्त एक फळा आणि तो टांगायला एक भिंत हवी.

मी ताबडतोब कबूल झालो. हरायचा प्रश्नच नाही, मग मन मोठं करायला काय जातं.

३ जून

यंत्राची नोंद करून ठेवतो. लहान मुलांचा असतो तसा लाकडी डोलणारा घोडा. मूल डोलतं, डोलण्याने पट्टा फिरतो, पट्ट्याने ड्रिल. ड्रिल घोड्याच्या तोंडात. मूल खेळतं, बापाची भिंतीतली भोकं फुकटात पडतात. वीज नको, किरकिर नको. खेळणं ते खेळणं आणि हत्यार ते हत्यार. अर्ज दोन वर्षांपूर्वीच टाकलाय, यंत्र आता बनतंय. कल्पना आधी, लोखंड नंतर, ही माझी पद्धत. इतकी साधी गोष्ट जगात आजवर कुणालाच सुचू नये, याचं मलाच नवल वाटतं.

बायकोने विचारलं, पण भोक घोड्याच्या तोंडाच्या उंचीवरच पडणार ना, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली? तिथे कुणाला भोक लागतं? मी म्हटलं, लहान मुलांच्या खुंट्यांना. ती म्हणाली, किती खुंट्या? प्रश्न विचारायला काही भांडवल लागत नाही.

५ जून

मागच्या खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. कारण कॅशियर. कॅशियर म्हणजे वरच्या मजल्यावरचे. बँकेतून रिटायर झाले त्याला जमाना झाला, हुद्दा मात्र सुटला नाही. जिन्यात गाठून विचारत होते, आत चाललंय काय? मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, तुमच्या काही नाहीचा आवाज फार येतो हो. यंत्रातलं आपल्याला ओ का ठो कळत नाही असं ते दाखवतात. असलीच माणसं कल्पना ढापतात. सावध राहणे.

खोलीत आता पुरेसा अंधार आहे. स्क्रू शोधताना चष्म्यावर बसलो.

९ जून

पहिली चाचणी. घोड्यावर बसायला मूल हवं, आणि आमचा मुलगा आता हॉस्टेलला, दाढी करतो. नाइलाजाने कॅशियरांची नात आणली. तिला शपथ घातली, आत काय पाहिलं ते कुणाला सांगायचं नाही, आजोबांना तर मुळीच नाही. ती म्हणाली, आजोबा म्हणाले, सगळं नीट बघून ये.

एक बारीक अडचण आली. घोडा पुढे गेला की ड्रिल सुलट फिरतं, मागे आला की उलट. एका दमात जेवढी कमाई होते तेवढी दुसऱ्या दमात परत. नात अर्धी दुपार डोलली. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. पण नात खूश होती, म्हणजे खेळण्याची बाजू सिद्ध झाली. अर्धं काम फत्ते.

१२ जून

सायकलवाल्याकडून जुनं फ्रीव्हील आणलं. सायकलचं पेडल उलटं मारलं तरी चाक उलटं फिरत नाही ना, ती करामत. त्याने विचारलं, कुठल्या सायकलला लावायचंय? मी म्हटलं, घोड्याला. त्याने फ्रीव्हील पुसून हातात दिलं. गुणी माणूस.

१३ जून

ड्रिल आता एकाच दिशेने फिरतं. अडचण नवी. ड्रिल भिंतीवर रेटतं, भिंत काही हलत नाही, मग घोडाच मागे सरकतो. दहा मिनिटांत नात घोड्यासकट पॅसेजमध्ये. तिथून ती स्वयंपाकघरातल्या मुलांना टाटा करत होती. शिकवणीचा बट्ट्याबोळ झाला असं बायकोचं मत.

घोडा जमिनीला ठोकून टाकला. तर तो डोलेना. घोडं इथेच पेंड खातंय.

२० जून

भोक पडलं.

घोड्याच्या मागच्या पायांना दोरी बांधली, दोरी खिडकीच्या गजाला. नात डोलली, भिंतीतून पिठासारखी भुकटी गळायला लागली, आणि पडलं. मस्त गोल. बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली, भोकात करंगळी घालून बघितली आणि म्हणाली, छान पडलंय हो. मनापासून म्हणाली, मला तिचा आवाज कळतो.

सबंध नोकरी वजनकाटे तपासणी खात्यात काढली. दुकानोदुकानी जाऊन दुसऱ्यांची मापं खरी की खोटी ते बघायचं आणि शिक्का मारायचा. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, यांच्या हातून कधी चूक झाली नाही. पण हातून काय झालं, ते कुणाला सांगता आलं नाही. आता सांगता येईल. भिंतीत आहे, या आणि बघा.

४ जुलै

आज खेळण्यांच्या कंपनीचे साहेब घरी आले. त्यांची थोरली मुलगी पूर्वी बायकोकडे शिकायला होती. ओळख बायकोची, पण येणं झालं ते माझ्या कल्पनेमुळे.

नातीने ऐन वेळी दगा दिला. नवे बूट घालून आली आणि म्हणाली, घोडा घाणेरडा आहे. साहेब घड्याळ बघायला लागले. तिला सोडायला आलेले कॅशियर म्हणाले, मी बसू का, लहानपणापासून राहून गेलंय. शत्रूला स्वतःच्या हाताने घोड्यावर बसवावं लागलं. पण माणसाचं वजन चांगलं. दोन हेलकाव्यांत ड्रिल भिंतीत घुसलं आणि थांबेचना. भिंत आरपार. पलीकडे स्वयंपाकघर, ओट्याखाली साखरेचा डबा, तोही आरपार. शिकवणीच्या मुलांनी भराभर ओंजळी धरल्या. एका चाचणीत भिंत आणि पत्रा दोन्ही सर, हे साहेबांच्या मुद्दाम लक्षात आणून दिलं.

साहेबांनी विचारलं, हे खेळणं आहे की हत्यार? मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, दुकानात खेळणी खालच्या मजल्यावर असतात आणि हत्यारं वरच्या. हे ठेवायचं कुठे? मी म्हटलं, जिन्यात. ते हसले. म्हणजे माणसाला विनोद कळतो.

जाताना म्हणाले, पेटंट मिळालं की कळवा, मग बघू. धंदेवाल्यांच्या भाषेत मग बघू म्हणजे होकार. नंतर दारात उभे राहून बायकोशी धाकट्याच्या गणिताबद्दल माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलले. सौजन्य.

११ जुलै

पेटंट ऑफिसचा रिपोर्ट आला. आक्षेप.

म्हणे, कल्पना नवीन नाही. ‘आसनाच्या दोलनगतीवर चालणारे भेदन-साधन’ अशा नावाने कुणीतरी अकरा वर्षांपूर्वीच नोंदवलीय. जणू कानशिलात बसली. चोर. मला सुचायच्या कितीतरी वर्षं आधी चोरी करणारा म्हणजे किती पोहोचलेला चोर असेल.

बायकोला मथळा वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, बाबांसाठी तुम्ही ती डोलणारी खुर्ची केली होतीत ना. मी म्हटलं, इथे माझं घर जळतंय आणि तुला खुर्च्या सुचतायत. ती म्हणाली, नाही, मी म्हटलं ते ड्रिल त्या खुर्चीलाही... मी म्हटलं, खुर्ची वेगळी, घोडा वेगळा, हे शाळेतल्या पोराला कळतं. ती उठून आत गेली. शिकवणीची वेळ झाली होती.

१४ जुलै

पेटंटच्या बाईंकडे गेलो. अर्ज लिहिणं, ऑफिसशी पत्रव्यवहार, सगळं या बघतात. आमचे जुने एजंट काम सोडून मुलाकडे राहायला गेले, त्यांची गिऱ्हाइकं बाईंच्या गळ्यात पडली. बाई हुशार, पण सारखी घाई. म्हणाल्या, त्या जुन्या अर्जाची प्रत काढून ठेवलीय, आधी वाचून घ्या.

वाचणार नाही म्हणून सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. दुसऱ्याचं वाचलं की डोकं बाटतं, उद्या माझ्या नव्या कल्पनेत त्याचा वास यायचा. बाई म्हणाल्या, निदान पहिलं पान तरी. प्रत त्यांनी माझ्यासमोर सरकवली, मी डोळे मिटून ती परत सरकवली. त्यात टेबलावरचा चहा सांडला. चहा त्यांचाच होता.

१८ जुलै

उत्तराचा मसुदा बाईंना तोंडी सांगितला. जोरदार झालाय. ठळक वाक्यं इथे उतरवून ठेवतो. पूर्वीच्या अर्जदारास यंत्रशास्त्राचा गंधही नाही. त्याचे साधन कोणाही शहाण्या माणसाच्या घरात चालणे अशक्य. बसणाऱ्याच्या जिवाची त्याने काडीची पर्वा केलेली नाही. सदर गृहस्थाने दुसरा एखादा छंद पाहावा हे उत्तम.

बाई लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नक्की असंच पाठवायचं? मी म्हटलं, एक काना कमी करू नका. त्यांनी विचारलं, ही तुमची काही स्ट्रॅटेजी आहे का? मी म्हटलं, आहे. शब्द आवडला. बाई म्हणाल्या, मग ठीक. आता त्या मला जरा मानायला लागल्यात.

२ ऑगस्ट

बायको मागच्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजताना सापडली. टेपही माझीच. विचारलं तर म्हणाली, पडद्यासाठी. भिंतीला पडदा? ती म्हणाली, बरं, फळ्यासाठी, पण तुमचं काय ते लागल्याशिवाय मी खिळासुद्धा मारणार नाही.

तिचं चुकत नाही. मुलं वाढलीत, दोघं तर फ्रीजला टेकून बसतात आणि दर वेळी कुणी दार उघडलं की वही उचलतात. पण खोली गेली तर सकाळी चहा झाल्यावर मी जायचं कुठे? आत्ता मी उठतो, म्हणतो कामाला जातो, आणि पॅसेज ओलांडून जातो. चार पावलं असतात, पण मी कामाला जातो. बाहेरच्या खोलीत बसून राहिलो तर फक्त घरी असलेला माणूस. मला त्याची भीती वाटते. हे वाचणारं कुणी नाही म्हणून लिहिलं.

७ ऑगस्ट

कॅशियर भेटले. म्हणाले, काय, घोडं अडलं म्हणे? यांना कोण सांगतं? मी म्हटलं, एक चोर आडवा आलाय, त्याला लोळवतो. त्यांनी सहज विचारलं, कोण आहे तो? मी म्हटलं, नाव वाचून त्याला मोठं करायचं नाही. ते म्हणाले, बँकेत आम्ही आधी नाव वाचायचो, मग सही, मग चेक. बँकेतली माणसं पुढे जात नाहीत ती यामुळेच.

२० ऑगस्ट

उद्या हिअरिंग. घोडामैदान जवळच आहे. निश्चय: सावकाश बोलायचं. चोराबद्दल अपशब्द काढायचे नाहीत, जे आहेत ते लेखी गेलेच आहेत. जिंकल्यावर बायकोला लगेच चिडवायचं नाही, निदान घरी येईपर्यंत. तिला स्वयंपाकघरातच एक छोटा फळा घेऊन देईन. मनाने मी तसा वाईट नाही.

शर्टाला इस्त्री बायकोने केली. म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, ये, बघशील तरी.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी

नंतर लिहितो.

२३ ऑगस्ट

लिहून टाकतो.

ऑफिसातली खोली लहान, अधिकारी तरुण आणि सर्दीने बेजार. फार नम्रपणे त्यांनी विचारलं, पूर्वीचा अर्ज आपण वाचलाय का? मी म्हटलं, नाही, तत्त्व म्हणून. बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, खरंच वाचला नाहीत? अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

अर्जदाराचं नाव माझं होतं. मी म्हटलं, पाहिलंत, माझ्या नावाने अर्ज करण्यापर्यंत या माणसाची मजल गेलीय. अधिकाऱ्यांनी पान खाली सरकवलं. त्याखाली माझ्या वडिलांचं नाव होतं. त्याखाली आमच्या घराचा पत्ता. क्षणभर असंही वाटलं, की चोर इतकी वर्षं आमच्याकडेच राहत होता. मग सही दिसली. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायची खोड माझीच.

मग त्यांनी पडद्यावर अर्जातलं चित्र आणलं. डोलणारी खुर्ची, खुर्चीला पट्टा, पट्ट्याला ड्रिल. खुर्चीत सासरे बसलेले. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. त्याच आठवड्यात कुत्र्याने त्यांची एक चप्पल पळवली होती आणि मी जसं दिसलं तसं काढलं होतं. खुर्ची मला आठवत होती, अगदी स्वच्छ. सासरे पेपर वाचता वाचता डोलायचे, म्हटलं त्यांचं डोलणं वाया जातंय. पण मी अर्ज केला होता खुर्चीचा. हे भेदन-साधन वगैरे जुन्या एजंटांची भाषा. अधिकारी म्हणाले, खुर्ची काय, घोडा काय, कायद्याला दोन्ही डोलणारी आसनंच.

बायको पुढे वाकून म्हणाली, बाबा. मग अधिकाऱ्यांना विचारलं, जरा वेळ राहू द्याल का हे चित्र? त्यांनी राहू दिलं. माझी केस संपली होती आणि मी बायकोच्या हातावर हात ठेवून सासऱ्यांकडे बघत होतो. वाईट काढलं नव्हतं मी चित्र.

शेवटी अधिकाऱ्यांनी माझं उत्तर वर काढलं. यंत्रशास्त्राचा गंध, शहाण्या माणसाचं घर, दुसरा छंद, सगळं सावकाश वाचलं. विचारलं, हे रेकॉर्डवर ठेवायचं का? मी म्हटलं, ठेवा. शब्द फिरवणारा माणूस नाही मी.

मी माझ्याकडूनच हरलो. दुसऱ्या कुणाकडून हरलेलो नाही, याची नोंद असावी.

२४ ऑगस्ट

बायको करारातलं एक अक्षर काढत नाही. मी म्हटलं होतं, असंही म्हणत नाही. काहीतरी म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं. शेवटी मीच विचारलं, खोली कधी रिकामी करू? ती म्हणाली, सवडीने करा. मला सवडच सवड आहे.

२७ ऑगस्ट

खोली रिकामी केली. खिडकीवरची वर्तमानपत्रं खरवडून काढली, सबंध सकाळ गेली. इतका उजेड येतो आत, कल्पना नव्हती. घोडा वर कॅशियरांकडे पोहोचवला. नातीसाठी म्हणाले, पण सोफा सरकवून जागा त्यांनी स्वतःच्या मापाची केली होती.

फळा लावायला सुतार आला. विजेचं ड्रिल आणलं होतं, चार भोकं पाडली, फळा टांगला, गेला. मी शिडी धरायला उभा राहिलो होतो. त्याने शिडी वापरलीच नाही.

३० ऑगस्ट, दुपारी

फाइल बंद करायची म्हणून पेटंटच्या बाईंचा फोन. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून पाढ्यांचा आवाज येत होता, दार लावलेलं. बाई म्हणाल्या, एक सांगायचं राहिलं. तुमचं ते खुर्चीचं जुनं पेटंट. चौथ्या वर्षी तुम्ही ते रिन्यू केलं नाहीत, त्यामुळे ते तेव्हाच गळून पडलं. तेव्हापासून ती कल्पना सगळ्यांना मोकळी. जगात कुणीही उचलावी, बनवावी, विकावी, विचारायचं कारण नाही.

मी उठून उभा राहिलो. इतकी वर्षं दार सताड उघडं, आणि मी इकडे खिडक्यांना कागद चिकटवत बसलो. विचारलं, मग किती जणांनी उचललीय? कुणीकुणी? परदेशातले असतील तर तेही सांगा, मी मनाची तयारी केलीय. बाई म्हणाल्या, थांबा, बघून सांगते. बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला घट्ट धरून उभा.

बाई म्हणाल्या, कुणीच नाही. एकानेसुद्धा नाही.

मी म्हटलं, बाई, घाई करू नका. परत एकदा नीट बघा.